ओखी वादळ: किनाऱ्यावरच्या आणि घाटावरच्या नोंदी (२ डिसेंबर २०१७ पासून)

दांडी_मालवण | २ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

ओखी लक्षद्वीप ओलांडून अरबी समुद्रात आलंय. केंद्राजवळचे वारे ताशी दीडशे किलोमीटर. हवामान खात्याच्या अंदाजाप्रमाणे ते आधी उत्तरेकडे सरकेल आणि मग गुजरातच्या दिशेने वळेल. म्हणजे वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत सगळ्यांच्या समोरून जाणार. म्हणून हा धागा.

विनंती एवढीच की स्वतः पाहिलेलं लिहा, गाव आणि वेळ लिहा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं इथे आणून टाकू नका. "आज रात्री मालवणात धडकणार" असा आवाजी निरोप दुपारपासून फिरतोय. तो खोटा आहे. केंद्र आपल्यापासून कित्येकशे किलोमीटर लांब आहे.

पण लांब आहे म्हणून होड्या पाण्यात ठेवू नका. उद्या मार्गशीर्ष पौर्णिमा, चंद्र परवा पृथ्वीच्या अगदी जवळ येतोय, म्हणजे वर्षातलं मोठं उधाण. त्यात वादळाने उठवलेल्या लाटा. वारा आपल्याकडे पोचला नाही तरी लाटा पोचतात. आज सकाळी दांडीवर मतलई वारा आलाच नाही. डिसेंबरात पहाटे जमिनीवरून गार वारा यायला हवा, तो नाही. पाणी गुळगुळीत आहे आणि त्याखालून लांब, संथ लाटा येताहेत. जुन्या माणसांना हे काही आवडलेलं नाही.

कोचीतून | २ डिसेंबर, रात्री ८:२५

मी नोकरीनिमित्त कोचीत आहे. इकडचं सांगतो, म्हणजे तिकडे अंदाज येईल. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा होता आणि ३०ला कन्याकुमारीसमोर त्याचं वादळ झालेलं होतं. इतक्या झटपट की तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारीचे कितीतरी मच्छीमार आदल्या रात्रीच समुद्रात गेलेले होते. पूंथुरा, विळिंजमच्या किनाऱ्यावर बायका-माणसं अजून बसून आहेत. नौदल आणि तटरक्षक दल शोधताहेत.

कन्याकुमारी जिल्ह्यातल्या थूथूर भागातल्या बोटी शार्क आणि ट्यूनासाठी आठवडेच्या आठवडे खोल समुद्रात असतात, पार गुजरातपर्यंत जातात. त्यांच्यातलं कुणी कोकणात लागलं तर कृपया इथे लिहा. इथले लोक एकेका बोटीच्या नावासाठी फोन करत सुटलेत.

देवगड_आनंदवाडी | २ डिसेंबर, रात्री ९:०५

लागलेत. देवगड बंदरात परराज्यातल्या बोटी आल्यात. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेला आकडा ६८ आहे, त्यातल्या ६६ केरळच्या, २ तमिळनाडूच्या, माणसं ९५२. सगळी सुखरूप. आमचं बंदर तिन्ही बाजूंनी डोंगराच्या कुशीत आहे, म्हणून वाऱ्यात ते सगळ्यांना आठवतं.

माणसं दमलेली आहेत. भाषा कळत नाही, हातवारे चाललेत. त्यांना पहिली गरज आहे ती फोनची. बऱ्याच जणांचे मोबाइल बंद पडलेत, घरी कळवलेलं नाही. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड असतील तर जेटीवर आणा. भात-आमटीची सोय गावातून होतेय.

दोडामार्गवाली | २ डिसेंबर, रात्री ९:३०

आमच्या बाजूला रबराच्या आणि अननसाच्या बागा करणारी बरीच मल्याळी कुटुंबं आहेत. मराठीही चांगलं बोलतात. दोघांशी बोलले, उद्या पहाटे निघून देवगडला येतायत. कोचीतून, तुम्ही बोटींच्या नावांची यादी मिळवू शकाल का? म्हणजे इकडून तपासून घरच्यांना कळवता येईल.

कोचीतून | २ डिसेंबर, रात्री ९:४१

मिळवतो. नावं मल्याळम लिपीत असतील, मी देवनागरीत उतरवून पाठवतो. ताई, तुमचे उपकार कसे फेडू.

सर्जेकोटचो | २ डिसेंबर, रात्री १०:१५

आमच्या होडये सगळे खाडीत घेतले. दोन पाती, म्हणजे बारकी होडयां, अजून भायर होती, संध्याकाळी इली. एक लिवतंय, खोटा वाटात कोणाक तर वाटूक दे. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोडी मैलां गेल्यार संपता. वायरलेस त्येच्या जरा पुढे. पंचवीस वाव खोल पाण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाक इशारो दिलो म्हणजे काय दिलो? टीव्हीर दिलो. टीव्ही त्येच्या बायलेन बघलो.

हर्णे_दापोली | २ डिसेंबर, रात्री १०:५०

सर्जेकोटचे दादा, खोटं कुणालाच वाटणार नाही. ११ नोव्हेंबर २००९ आमच्या बंदरात कुणी विसरलेलं नाही. फयान अलिबाग आणि मुंबईच्या मधोमध किनाऱ्याला लागलं, पण त्याआधी रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या समुद्रात असलेल्या बोटींचे काय हाल केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हाही पाऊस संपला, दिवाळी झाली, आता समुद्र शांत, असं धरून माणसं गेली होती. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा त्यात गेला. त्याची आई अजून नोव्हेंबरात आभाळ भरून आलं की दार लावून घेते.

आज संध्याकाळी बंदरातल्या बोटी मोजून घेतल्या. बाहेर असलेल्यांच्या घरी फोन केले. ज्यांच्या बंदरात हे झालं नसेल त्यांनी आज रात्रीच करा.

दांडी_मालवण | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

उधाणाची वेळ विचारताहेत म्हणून सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. आज पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास आणि पुन्हा रात्री तितक्याच वाजता. पुढे रोज पाऊण तास उशिरा. ५ तारखेपर्यंत या वेळा सांभाळायच्या. छापील कोष्टक असेल तर तेच बघा, ते जास्त नेमकं.

रात्रीची भरती जास्त जपा. दिवसा पाणी दिसतं तरी.

देवबागचा | ३ डिसेंबर, दुपारी १२:२०

आलं. आमची वाडी म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. लाट बंधाऱ्यावरून उडून माडांत येतेय. पाऊस नाही, वारा नाही, ऊन पडलंय. उन्हात पाणी अंगणात शिरताना बघायला फार विचित्र वाटतं. विहिरीला धोका आहे. एकदा खारं पाणी गेलं की पुढचा पावसाळा येईपर्यंत पिता येत नाही. तोंडावर पत्रा आणि वाळूची पोती टाकलीत.

पुण्यातून | ३ डिसेंबर, दुपारी १२:४५

माफ करा, पण मला कळत नाही. वादळ एवढं लांब, तुमच्याकडे ऊन, तर पाणी कसं शिरतं? उगाच घाबरवणं चाललंय का, असा प्रश्न इकडे काहीजण विचारताहेत.

दांडी_मालवण | ३ डिसेंबर, दुपारी १:३०

रास्त प्रश्न आहे. वादळाच्या केंद्राजवळ वारा तासन् तास एकाच पाण्याला ढकलत असतो. त्यातून ज्या मोठ्या लाटा तयार होतात, त्या वादळाच्या आधी निघून जातात आणि शेकडो किलोमीटर फारशा न विरता जातात. खोल समुद्रात त्या जाणवत नाहीत, उथळ पाण्यात आल्या की उभ्या राहतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याच लाटांचे इशारे देते, ते हवामान खात्याच्या इशाऱ्याइतकेच वाचायला हवेत.

दुसरं कारण वाऱ्याची दिशा. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. ओखी आपल्या पश्चिमेला आहे, म्हणून त्याच्या आपल्याकडच्या अंगाला वारा दक्षिणेकडून येतो. दक्षिणेला उघडे असलेले किनारे आधी मार खातील. उत्तरेकडे डोंगराचा आडोसा असलेली बंदरं वाऱ्यासाठी बरी असतात असा आपला हिवाळ्याचा हिशेब, तो आत्ता लावू नका.

तिसरं, पौर्णिमा. हेच वादळ अष्टमीला, भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत आलं असतं तर देवबागच्या अंगणात पाणी आलं नसतं.

पुण्यातून | ३ डिसेंबर, दुपारी १:४२

समजलं. आभारी आहे. इकडच्या गटात हेच पाठवतो, तुमच्या नावासकट.

पेडणेकर | ३ डिसेंबर, रात्री ११:५५

मोरजी-मांद्रे, गोवा. शॅकवाल्यांचे पलंग, टेबलं पाण्यात गेलीत. नाताळाचा हंगाम तोंडावर आहे, कर्ज काढून लाकडी बांधकाम केलेलं असतं. रात्रीची भरती दुपारपेक्षा मोठी आहे. अंधारात कुणी सामान काढायला खाली जाऊ नये.

वेंगुर्ला_रापण | ४ डिसेंबर, सकाळी ६:४५

रात्री किनाऱ्यावर ठेवलेली रापणीची जाळी लाटेने ओढली. जाळं एका घराचं नसतं, पंधरा-वीस घरांचं मिळून असतं. अर्धं हाती लागलं, वाळूत गुंडाळलेलं, फाटलेलं. आमची चूक नाही म्हणणार नाही कुणी, पण इतक्या वर पाणी येतं हे पावसाळ्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. माणसं सगळी बरी.

देवगड_आनंदवाडी | ४ डिसेंबर, सकाळी ९:२०

दोडामार्गचे दोघे काका आले, बंदराचा चेहराच बदलला. एकेका बोटीवर जाऊन नावं घेतली. कोचीच्या यादीतली बरीच नावं जुळली. एका पोराने घरी फोन लावला आणि पलीकडून कुणी काही बोलेचना, नुसतं रडणं. तो "अम्मा, अम्मा" करत राहिला. तेवढं कळायला आम्हाला भाषा लागली नाही.

जुळली नाहीत अशी नावंही आहेत. ती कोचीतून यांना पाठवलीत.

कोचीतून | ४ डिसेंबर, सकाळी ९:४८

मिळाली. जुळलेल्यांच्या घरी कळवलं. बाकीच्यांचं अजून काही लिहीत नाही.

राजापूर_कलम | ४ डिसेंबर, सकाळी १०:३०

समुद्रावरच्या मंडळींपुढे आमचं दुःख लहान, तरी बागायतदारांसाठी लिहितो. हापूसला काही ठिकाणी पहिला मोहोर आलाय, बाकी झाडं थंडीची वाट बघताहेत. ढगाळ दमट हवा आली की तुडतुडा वाढतो, मोहोरावर भुरी आणि करपा येतो. आज घाईने फवारणी करू नका. पाऊस आला तर औषध आणि मजुरी दोन्ही धुऊन जातील. पाऊस उघडल्यावर झाडं कोरडी झाली की मग करा.

ज्यांच्या गवताच्या उडव्या उघड्यावर आहेत त्यांनी त्या आजच झाका. भिजलेलं गवत गुरं तोंडात घेत नाहीत.

अलिबाग_थळ | ४ डिसेंबर, संध्याकाळी ५:१५

थळ. वारा दक्षिणेचा, झुळझुळ. आभाळ पूर्ण भरलं, बारीक पाऊस सुरू. ओट्यांवरची सुकी मासळी उचलली. शाळांना उद्या सुट्टी जाहीर झालीय: मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, सिंधुदुर्ग. मांडव्याहून लाँचने जाणाऱ्यांनी उद्या गृहीत धरू नका, निघण्याआधी विचारा.

दांडी_मालवण | ४ डिसेंबर, रात्री ८:४०

आजचं चित्र. वादळाचा जोर कमी होतोय आणि पुढेही होईल. उत्तर अरबी समुद्राचं पाणी डिसेंबरात गार असतं, वादळाला लागणारी ऊब तिथे नाही. शिवाय वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचे वारे आहेत, ते वादळाचा माथा कापून पूर्वेकडे ढकलताहेत. या दुसऱ्या गोष्टीमुळेच मुंबई, ठाणे, पालघर आणि नाशिककडच्यांनी सावध राहायचं. केंद्र मागे समुद्रात, पण ढग पुढे धावत जमिनीवर. "वादळ कमजोर झालं" ही बातमी खरी असेल आणि तरीही तुमच्याकडे पाऊस पडेल.

मालवणात आज दुपारची भरती कालपेक्षा सौम्य गेली.

वसई_पूर्व | ५ डिसेंबर, सकाळी ६:३०

रात्रभर पाऊस. डिसेंबर आहे यावर विश्वास बसत नाही. इथे कुणाच्या ध्यानात येणार नाही अशी एक गोष्ट लिहितो. दिवाळीनंतर वसई, भिवंडी, वाडा पट्ट्यात वीटभट्ट्या सुरू होतात. कातकरी कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवरच पेंढ्याच्या खोपीत राहतात. थापलेल्या कच्च्या विटा उघड्यावर असतात, एका पावसात त्यांचा पुन्हा चिखल होतो. मजुरी विटांच्या हजारावर, म्हणजे गेलेल्या विटांचा घाम फुकट. आणि खोपी तर नुसत्या टपकत नाहीत, त्या बसतातच.

ज्यांच्या आसपास भट्टी आहे त्यांनी आज ताडपत्री आणि कोरडे कपडे घेऊन जा. शाळेला सुट्टी आहे, शाळेचा व्हरांडा रिकामा आहे. आमच्या गावात मुख्याध्यापकांनी कुलूप काढून दिलं, एकवीस-बावीस मुलं आता कोरड्या जागी झोपलीत.

सातपाटी_बोंबील | ५ डिसेंबर, सकाळी ८:१०

आमचं हेच दुःख. बोंबील वलांडीवर टांगलेले होते, हाच तर हंगाम. निम्मे सुकलेले बोंबील भिजले की अळी पडते, कोंबडीखाद्याच्या भावानेही कुणी घेत नाही. रात्री सगळ्या बायकांनी मिळून जेवढे उतरवता आले तेवढे उतरवले, घरात पंख्याखाली पसरलेत. घरात पाय ठेवायला जागा नाही. बोटी सगळ्या परत आल्यात.

निफाड_द्राक्ष | ५ डिसेंबर, दुपारी १:००

निफाड तालुका, सकाळपासून रिमझिम, थांबायचं नाव नाही. ऑक्टोबर छाटणीचे प्लॉट वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. फुलोऱ्यात असलेल्या बागेत गळ आणि कूज, त्यापुढच्यांना डाऊनी हा बुरशीरोग. सगळ्यात वाईट बागलाणच्या अर्ली बागा. तिथे माल विक्रीला आलाय, मण्यांत साखर भरली आहे. पाणी बसलं की मण्यांना तडे जातात, आणि तडा गेलेला घड एक्स्पोर्टच काय, बेदाण्यालाही चालत नाही.

नुसता ब्लोअर फिरवून घडांतलं पाणी झटकत राहा, औषधाविना. ट्रॅक्टर चिखलात जात नसेल तर माणसांनी तारा हलवा. आम्ही घरचे सगळे, शेजारचे दोन गडी, असे सकाळपासून तारा हलवतोय. हात भरून आलेत, पण थांबलं की डोळ्यांपुढे घड दिसतात.

सटाणा | ५ डिसेंबर, दुपारी २:२०

निफाडकर म्हणतात ते खरं आहे. व्यापारी दोन दिवसांनी तोडायला येणार होता. आज फोन उचलत नाही.

निफाड_द्राक्ष | ५ डिसेंबर, दुपारी २:३१

दादा, घाबरून पडेल भावाला देऊ नका. आज मणी तपासू नका, पाऊस थांबल्यावर तडे कळतील. मी उद्या रात्री फोन करतो तुम्हाला.

नायगाव_दादर | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

उद्या ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीला आलेली माणसं शिवाजी पार्कात आहेत आणि मैदानाचा चिखल झालाय. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली, कडेवर पोरं, पिशवीत भाकरी. तंबूत पाणी. पालिकेने आसपासच्या शाळा उघडून दिल्यात, पण कुठली शाळा, कुठून जायचं, हे बाहेरगावच्या माणसाला अंधारात कळत नाही. दादर स्टेशन ते पार्क रस्त्यावर आम्ही पोरं उभी आहोत, वाट दाखवतोय. ज्यांची घरं दादर, परळ, नायगावात आहेत त्यांनी एकेक कुटुंब रात्रीपुरतं घरी न्यावं. आमच्या चाळीत प्रत्येक खोलीत पाहुणे आहेत. चहा, कोरडे टॉवेल, लहान मुलांचे स्वेटर लागताहेत.

माणसं परत फिरत नाहीयेत, रांग तशीच उभी आहे.

परळ_भोईवाडा | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

दहा जणांची जागा आहे. स्वेटर घेऊन निघालो.

ठाण्याहून | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:३५

अकोल्याहून आलेले माझे काका-काकू तिथेच आहेत, फोन लागत नाही. काका उंच, पांढरा सदरा, पायाने थोडे अधू.

नायगाव_दादर | ५ डिसेंबर, रात्री ९:१५

ठाण्याहून, काका-काकू सापडले. एका शाळेत आहेत, जेवलेत. माझ्या फोनवरून बोलणं करून देतो, निरोपात नंबर पाठवा, इथे लिहू नका.

डहाणू_चिकू | ६ डिसेंबर, सकाळी ७:००

रात्री सुरत आणि डहाणूच्या दरम्यान जे काही उरलं होतं ते जमिनीवर आलं. वादळ म्हणावं असं काही नव्हतं, कमी दाबाचं क्षेत्र होऊन विरलं. पाऊस थांबत आलाय. चिकूची गळ झालीय, झाडं उभी आहेत.

दांडी_मालवण | ६ डिसेंबर, सकाळी ८:३०

आज पहाटे दांडीवर मतलई वारा आला.

आता पंचनाम्यांचं बघा. जाळी, होडी, इंजिन, सुकी मासळी, बाग, जे गेलं त्याचे साफसफाईच्या आधी फोटो काढा, तारीख दिसेल असे. शेतीचं तलाठ्याकडे, मासेमारीचं मत्स्यव्यवसायाच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून घरी येऊ नका.

सातपाटी_बोंबील | ६ डिसेंबर, सकाळी ९:०५

सुक्या मासळीचा पंचनामा होतो का? ती बायकांच्या नावावर असते, बोटीचा परवाना नवऱ्याच्या. आमच्याकडे लिहूनच घेत नाहीत.

हर्णे_दापोली | ६ डिसेंबर, सकाळी ९:४०

अर्ज बाईच्याच नावाने करा, मच्छीमार सोसायटीचं पत्र जोडा, आणि एकेकटीने न जाता सगळ्यांनी एकत्र द्या. मसुदा मी दुपारपर्यंत करून टाकतो. त्यात वीटभट्टीच्या मजुरांसाठीही वेगळा अर्ज हवा. वसईकर, किती विटा गेल्या त्याचा आकडा कुटुंबवार घेऊन ठेवाल का?

वसई_पूर्व | ६ डिसेंबर, सकाळी १०:१०

आत्ताच निघतो. मुकादमाची वही पावसात भिजली असेल तर मजुरांना तोंडपाठ असतं.

कोचीतून | ६ डिसेंबर, सकाळी ११:३०

न जुळलेल्या नावांपैकी दोन बोटी लक्षद्वीपला लागल्याचं कळलं. बाकीच्यांसाठी रत्नागिरी, जयगड, दाभोळ, श्रीवर्धन इथल्या बंदरांत कुणी विचारू शकेल का? यादी पुन्हा टाकतोय.

हर्णे_दापोली | ६ डिसेंबर, सकाळी ११:३८

दाभोळ आणि हर्णे मी बघतो.

अलिबाग_थळ | ६ डिसेंबर, सकाळी ११:५०

श्रीवर्धनला मेव्हणा आहे, तासाभरात सांगतो. यादी पाठवा.